डाव्या बाजूचे दात

निरोगी दात दिव्याखाली आला की त्याच्यावर मोहरीएवढा उजेडाचा ठिपका दिसतो. मान हलली की ठिपकाही हलतो. द्वारकाबाईच्या वरच्या सहा दातांवर तो ठिपका नव्हता. दात पांढरे होते, पण भिंतीला दिलेला चुना वाळल्यावर दिसतो तसे, कोरडे पांढरे. मी खुर्चीचा दिवा थोडा खाली घेतला, मग वर केला. ठिपका काही आला नाही.

"काय लावलंस, मावशी?" मी विचारलं.

तिनं उत्तर टाळलं. गार पाणी प्यायलं की कानशिलापर्यंत कळ जाते, त्याची गोळी दे, मला मंगळवारचा बाजार गाठायचा आहे, एवढंच ती सांगत राहिली. मी गोळी दिली नाही आणि आरसाही खाली ठेवला नाही. शेवटी तिनं पायाशी ठेवलेलं बांगड्यांचं गाठोडं सोडलं आणि बोटभर उंचीची एक बाटली माझ्या हातात दिली. आत पाण्यासारखं पाणी. चैत्रातल्या जत्रेत एका माणसानं तिला ती विकली होती. कापसाचा बोळा एकदा फिरवला की दात दुधासारखे होतात, हे त्यानं तिच्याच दातांवर करून दाखवलं होतं.

मी बूच काढून वास घेतला. मग हात धुवायच्या मोरीपाशी गेले आणि शहाबादी फरशीवर एक थेंब सोडला. फरशी चुरचुरली, बारीक फेस आला आणि तो पुसल्यावर खाली पांढरा डाग उरला.

"फरशीले काय झालं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"जे तुझ्या दातांना झालं तेच."

तिनं गाठोडं पायाशी आणखी जवळ ओढलं. ते पाहून मी विचारलं की अशा बाटल्या किती आहेत. स्वतःची सोडून तिनं तीस घेतल्या होत्या. अकरा पोरींना दिल्या होत्या, एकोणीस गाठोड्यात होत्या. दिवाळीनंतर पाहुणे पोरी पाहायला येऊ लागतात. आमच्याकडच्या पोरींना पाहुण्यांसमोर हसता येत नाही. बांगड्या भरायला हात पुढे करतात आणि ओठ मिटून घेतात. द्वारकाबाई हे तीस वर्षं पाहत होती.

हे मला तिनं सांगायची गरज नव्हती. आमचं गाव पिंपळझरी. बहात्तरच्या दुष्काळानंतर तिथे हातपंप आले आणि सगळ्यांनी देवाचे आभार मानले. ते पाणी खोलातलं, फ्लोराइडचं. आठ वर्षांखालच्या ज्या मुलांनी ते प्यायलं त्यांचे पक्के दात हिरडीतून येतानाच तपकिरी पट्टे घेऊन आले. माझेही तसेच आले. गावात सगळ्यांचेच तसे, त्यामुळे दातांचा रंग तोच असतो असं मी समजत होते. नागपूरला दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला प्राध्यापकांनी साठ मुलांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, "गोहोकर, तोंड उघडा." मुलांनी रांगेनं येऊन पाहिलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. वर्गात फ्लोरोसिसचं दुसरं इतकं चांगलं उदाहरण नव्हतं. त्यानंतर मी मास्क लावायला शिकले आणि दंतवैद्य झाल्यावर तर तो काढायचं कारणच उरलं नाही.

मी बाटलीला बूच लावलं. द्वारकाबाईला शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की हे आम्ल आहे. दाताचा वरचा थर खाऊन टाकतं, म्हणून दात पांढरा दिसतो. गेलेला थर पुन्हा उगवत नाही. काही महिन्यांनी तोच दात जास्त पिवळा दिसेल, दुखेल, कडेनं तुटेल. उरलेल्या एकोणीस बाटल्या इथेच ठेवून जा.

तिनं खुर्चीवरूनच हात लांब केला आणि माझा मास्क हनुवटीखाली ओढला. लहानपणी बांगड्या भरताना ती माझा हात असाच ओढायची.

"नले," ती म्हणाली, "तू दातायची डाक्टरीण. अन् तुह्ये दात पाह्य. तुले उपाय माहीत असता त तू आंधी सोताचे नसते केले? त्या पोरीयले मी काय सांगू?"

बाहेरच्या बाकावर दोन माणसं बसली होती. दार उघडं होतं. काउंटरवरचे कारकून शेंडे वहीत मान घालून बसले, इतकी खाली की काहीच लिहिता येऊ नये.

शेंड्यांनीच मला काही महिन्यांपूर्वी सांगितलं होतं की काही पेशंट "मोठे डॉक्टर आहेत का" असं विचारतात आणि नाही म्हटलं की परत जातात. मोठे डॉक्टर म्हणजे मोहरील सर. हा दवाखाना त्यांचा. गुढीपाडव्याला त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की गुडघ्यांनी साथ सोडली आहे, दिवाळीनंतर ते मुलीकडे नाशिकला जाणार, दवाखाना मी घ्यावा. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली होती. "तुझे पुढचे चार दात घासून कॅप बसवून देतो," ते म्हणाले होते. "दोन आठवड्यांचं काम. मग कुणाची बिशाद आहे बोलायची."

दोन्ही गोष्टींना मी "बघू, सर" म्हटलं होतं. चांगले दात घासून त्यांचे खुंट करायचे, ते पुन्हा कधी पूर्ववत होत नाहीत, हे मला पटत नव्हतं. आणि या दातांनी स्वतःच्या नावाची पाटी लावायची हेही जमत नव्हतं. अशा वेळी माणूस जे करतो ते मी केलं, म्हणजे काहीच केलं नाही. श्रावण आला तरी सर दर पंधरा दिवसांनी विचारत होते आणि मी बघत होते. मध्येच नागपूरच्या एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांना या बाजाराच्या गावात दवाखाना हवा होता. सरांनी त्यांना नाही म्हटलं नाही.

त्या मंगळवारी द्वारकाबाईला मी म्हटलं, "करते. माझे दात उजळवून दाखवते. तोवर एकही बाटली विकायची नाही."

"किती दिस?"

"सहा आठवडे."

तिनं बोटांवर सण मोजले. पोळा, महालक्ष्म्या, नवरात्र, तिच्या धंद्याचे दिवस सगळे त्यात येत होते. पण तिनं मान हलवली. मग मी जे बोलले ते मीही आधी ठरवलेलं नव्हतं.

"पण अर्धेच करणार. डाव्या बाजूचे. उजवे आहेत तसे ठेवणार."

"अर्धे काऊन व?"

"सगळे केले तर आधी कसे होते ते तुला आठवणार नाही. शेजारी दिसले पाहिजेत."

द्वारकाबाई हसायला लागली. अर्धी भिंत सारवून बसणारी बाई तिनं पाहिली नव्हती म्हणे. निघताना गाठोडं डोक्यावर घेऊन तिनं शेंड्यांना सांगितलं की तुमच्या डाक्टरणीले उन्ह लागलं आहे, कांदा हुंगवा.

मोहरील सरही फारसे वेगळं बोलले नाहीत. चाळीस वर्षांत अर्ध्या तोंडाचा पेशंट त्यांना मिळाला नव्हता. पण हातातलं काम त्यांना आवडायचं. त्यांनी आधी माझे दात नीट तपासले, कुठे कीड नाही ना, हिरडी मागे सरकलेली नाही ना, ते पाहिलं. सगळं किटण काढून दात स्वच्छ केले. रंगाच्या सोळा नमुन्यांची पट्टी असते, ती उत्तरेच्या खिडकीपाशी धरून डावे-उजवे दोन्हीकडचे क्रमांक मला सांगितले आणि मी वहीत लिहिले. दात ओले असतानाच रंग पाहायचा, कारण तोंड उघडं ठेवलं की दात सुकतो आणि सुकला की तात्पुरता पांढरा दिसतो. हा नियम सर दर वेळी म्हणून दाखवायचे, जणू मी पहिल्या वर्षाला होते.

मग त्यांनी हिरडी झाकणारं रबर लावलं आणि डाव्या तीन दातांवर एक पेस्ट पाच-पाच सेकंद घासून धुऊन टाकली. आठवड्यानं पुन्हा, आणि त्यानंतरच्या आठवड्यात शेवटची. शिवाय माझ्या दातांचा साचा घेऊन पातळ प्लास्टिकचं एक झाकण बनवलं, मध्यरेषेवर कापलेलं. त्यात जेलचे तीन थेंब घालून दुपारी दवाखाना बंद असताना दोन तास ते लावून बसायचं. चहा नाही, हळद नाही. हळदीशिवाय वरण लागतं कसं ते मला त्या सहा आठवड्यांत कळलं. मोहरील काकू रोज डबा पाठवायच्या, दहीभात, ज्वारीची भाकरी, पांढऱ्या वाटाण्याची बेचव उसळ. डब्यावर चिठ्ठी असायची, "आजारी माणसासाठी."

पहिल्या आठवड्यात दात सुधारले नाहीत, बिघडले. तपकिरी पट्टा फिका झाला, पण त्याच्या आजूबाजूला खडूसारखे ठिपके उठून दिसू लागले. पुस्तकात हे लिहिलेलं असतं. पुस्तक वाचलेलं असलं तरी मी दिवसातून दहा वेळा आरशात पाहत होते. शेंड्यांनी सौम्यपणे विचारलं की हे असंच राहणार का.

दर मंगळवारी द्वारकाबाई यायची. मी मास्क काढायचे आणि ती बघायची. बांगड्यांवरून तिची नजर तयार झालेली होती. पोपटी आणि पिस्ता रंगांत फरक असतो हे मला तिनं शाळेत असताना शिकवलं होतं. तिनं पहिल्या मंगळवारी "चितरा बैल" म्हटलं आणि गेली. दुसऱ्या मंगळवारी ती आली तेव्हा बाकावर चार बायका होत्या. त्यांच्यातली एक उठून दाराशी आली. तिनं मलाही दाखवा म्हटलं. मी दाखवलं. काय करणार, अर्धं तोंड रंगवून बसलेल्या बाईनं लाजायचं तरी कुठल्या अर्ध्यानं.

तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. ठिपके विरघळायला लागले होते, रंग दोन क्रमांकांनी वर आला होता आणि मला घाई सुटली. एका रविवारी दवाखाना नव्हता. मी झाकण दोन तासांऐवजी पाच तास लावून वाचत बसले. सोमवारी सकाळी चूळ भरली आणि डाव्या दातांतून डोळ्यापर्यंत कळ गेली. जे मी द्वारकाबाईला सांगितलं होतं, नेमकं तेच. सर एवढंच म्हणाले की डॉक्टर पेशंट झाला की त्याची अक्कल आधी जाते. त्यांनी तीन दिवस जेल बंद केलं, दात दुखू नये म्हणून लावायची पेस्ट दिली. मी वहीत लिहिलं. किती तास, कोणता दात, कळ किती वेळ टिकली.

मंगळवारी द्वारकाबाई आली ती तावातावानं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की सरांच्या पेस्टमध्येही आम्लच असतं. ते शेंड्यांनीच सांगितलं असणार.

"खरं हाये का?" तिनं विचारलं.

मला सहज नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "खरं आहे. तुझ्या बाटलीत आहे तेच."

"मंग मले काऊन अडवून ठेवलं? माह्या धंद्याचे दिस गेले ना, नले."

मी सांगायला लागले. सरांच्या पेस्टमध्ये ते थोडं असतं, हिरडीवर रबर असतं, पाच सेकंदांत धुतात, तीन वेळा झालं की पुन्हा कधी लावत नाहीत. दाताचा किती थर जाणार ते आधी माहीत असतं, केसाच्या जाडीपेक्षा जास्त जाऊ देत नाहीत. तुझ्या बाटलीत किती आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नाही, आणि पोरी ते रोज फिरवतात. ती ऐकत होती, पण मनावर घेत नव्हती. हे सगळं जत्रेतल्या माणसानंही तिला असंच भराभर सांगितलं असणार. गाठोड्याची गाठ ती सारखी घट्ट करत होती. या खेपेला ती जाईल आणि पुढच्या गावात बाटल्या काढेल, हे मला दिसत होतं.

मग मी वही तिच्या मांडीवर ठेवली आणि रविवारचं पान उघडलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं. पाच तास ठेवलं, सोमवारी कळ आली, तीन दिवस बंद.

"तुलेबी झोंबलं?" ती म्हणाली.

"झोंबलं. माझी चूक. नेमापेक्षा जास्त ठेवलं."

"अन् हे लिवून ठेवलं?"

"लिहिलं."

"कोनी पाह्यलं असतं त?"

"पाहावं म्हणूनच लिहिलं."

द्वारकाबाईनं वही जवळ ओढली. एका ओळीवरून बोट फिरवलं, कुठल्या ते तिला माहीत नव्हतं. मग सावकाश म्हणाली की जत्रेतल्या माणसाला तिनं विचारलं होतं, दुखत तर नाही ना. तो म्हणाला होता, अजिबात नाही, कुणालाच नाही. आपल्याला दुखायला लागलं तेव्हा तिला वाटलं, आपलेच दात वाईट. तिनं पोरींनाही तसंच सांगितलं होतं, दुखणार नाही. त्या अकरांपैकी एक तिच्या भावाची मुलगी होती.

एवढं बोलून ती बाजाराला गेली. बाटल्या तिनं त्या दिवशी ठेवल्या नाहीत. मीही मागितल्या नाहीत.

सहावा मंगळवार नवरात्रात आला. तिनं गाठोडं बाकावर ठेवलं, माझी हनुवटी धरली आणि मला दारात, उन्हाच्या तिरिपेत नेलं. डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. वहीतल्या नोंदीप्रमाणे डावी बाजू पाच क्रमांकांनी उजळली होती, पट्ट्याच्या जागी फिकट ढगासारखं काहीतरी उरलं होतं. उजव्या मधल्या दाताची आतली कडही थोडी उजळली होती, कारण जेल सीमारेषा मानत नाही. पण द्वारकाबाई क्रमांक बघत नव्हती.

"दुधासारखे नाही झाले," ती म्हणाली.

"नाही होणार."

"पर चमकते." तिनं माझं तोंड आणखी थोडं वर केलं. "अन् तुह्येच वाटते. लावलेले नाही वाटत."

मग ती आत आली आणि काउंटरवर एकेक करून बाटल्या मांडू लागली. एकोणीस. शेंड्यांनी त्या उचलल्या आणि मागच्या अंगणात नेल्या. मी बादलीत पाणी आणि खायचा सोडा घेतला आणि बाटल्या हळूहळू त्यात ओतल्या. फेस काठापर्यंत आला, खाली बसला. सर खुर्चीतून उठून दारात उभे राहून बघत होते. काकूंनी पाठवलेल्या डब्यात त्या दिवशी पहिल्यांदा पिवळं वरण होतं.

सरांनी उजव्या बाजूचं झाकण आधीच बनवून ठेवलं होतं. मला न विचारता. प्लास्टिक छान कापलेलं, कडा घासलेल्या. आजपासून सुरू कर, ते म्हणाले, दिवाळीपर्यंत दोन्ही बाजू सारख्या होतील. मी ते हातात घेतलं. खरं सांगायचं तर ते लगेच लावावं असं मला वाटत होतं. सहा आठवडे लोक माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला कधी एकदा सगळं एकसारखं होतंय असं झालं होतं.

द्वारकाबाई गाठोडं बांधत होती. पुढच्या मंगळवारी ती पोरींना घेऊन येणार होती, जेवढ्या येतील तेवढ्या. त्यांच्या दातांवर लेप द्यावा लागेल, काहींना बरेच दिवस यावं लागेल, हे मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, पोरी अशा येणार नाहीत. त्यांना वाटतं डॉक्टर ओरडतील. त्यांना सांगावं लागेल की तिथली बाई आपल्याच गावची आहे, तिचे दात आपल्यासारखेच आहेत आणि कसे होऊ शकतात तेही तिच्याच तोंडात दिसतं.

"म्हून तू सध्या अशीच राय," ती म्हणाली. "अर्धी." गाठ मारून झाली तरी ती उठली नाही. "शेंडे म्हनते दवाखाना नागपूरच्या मानसाले देऊन रायले. खरं हाये का? म्हंजे पुढच्या मंगळवारी तू राहशीन, पर दिवाळीच्या मांगून? मी पोरीयले कोनाच्या नावानं घेऊन येऊ?"

मी शेंड्यांकडे पाहिलं. त्यांनी वहीत मान घातली.

उत्तर द्यायच्या आधी फोन वाजला. सरांनी उचलला. दोन वाक्यांतच कळलं की नागपूरहून आहे. रविवारी जागा पाहायला येऊ का, खुर्ची किती जुनी आहे, पेशंट किती येतात. सरांनी दोन उत्तरं दिली, तिसऱ्या प्रश्नावर थांबले आणि रिसीव्हरवर तळहात ठेवला.

"काय सांगू, नलिनी?"

एवढंच. त्यांचा आवाज चिडका नव्हता, आग्रहाचाही नव्हता. पाडव्यापासून तो प्रश्न ते विचारत होते आणि आज पहिल्यांदा पलीकडे कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं. द्वारकाबाई गाठोड्यावर हात ठेवून बसली होती. मास्क माझ्या हनुवटीखाली होता. तो तिथे आहे हे माझ्या लक्षातही नव्हतं.

मी उजव्या बाजूचं झाकण सरांच्या टेबलावर ठेवलं.

"त्यांना म्हणावं, येऊ नका," मी म्हटलं. "दवाखाना मी घेतेय, सर."